गोष्ट रंगवा, निकाल रंगवू नका

हातातलं काम चालू राहू द्या, कान तेवढे इकडे असू द्यात. आज आपण कोर्टाच्या निकालांबद्दल बोलणार आहोत. घाबरू नका, कुणाला तारखेला जायचं नाही.

बचत गटाच्या बैठकीत कायद्याचा विषय काढला की काय होतं, ते आम्ही इतकी वर्षं बघतोय. हप्त्याचा हिशोब होईपर्यंत सगळ्या बसतात. ‘आता थोडी कायद्याची माहिती’ म्हटलं, की एकीचं दूध उतू जातं, दुसरीची म्हैस सुटते. यात बायांची चूक नाही. ‘सदर मिळकतीमध्ये अपीलकर्तीचा अविभक्त हिस्सा असल्याबाबत’ असं कुणी वाचायला लागलं, तर आम्हालासुद्धा जांभई येते.

पण त्याच बायांना बांधाच्या भांडणाची गोष्ट सांगा. दगड कुणी सरकवला, आधी कोण बोललं, तलाठी कधी आले, पंचांपुढे कोण रडलं, सगळं तासभर ऐकतील आणि वर विचारतील, ‘मग पुढं काय झालं?’

कोर्टाचा निकाल ही अशाच एका भांडणाची गोष्ट असते. कुणाचं तरी घर, कुणाचं शेत, कुणाचं लेकरू, कुणाची खुर्ची. त्या भांडणावर शहाण्या माणसांनी विचार करून ‘मग पुढं काय’ ते लिहिलेलं असतं. त्यातलं भांडण आपल्यापर्यंत पोचत नाही, नुसतं कलम पोचतं. म्हणून ते बेचव लागतं.

ही बेचव महाग पडते. निकाल माहीत नसलेली बहीण कागदावर अंगठा उठवून मोकळी होते. निकाल माहीत नसलेली सरपंच बाई नुसत्या नोटिशीला घाबरून राजीनामा लिहून देते. म्हणून आमच्या गटांनी निकाल गोष्टीसारखे सांगायचं ठरवलं. ते कसं सांगतो, ते आज तुम्हाला सांगतो.

आधी आख्यान, मग निरूपण

नारदीय कीर्तन तुम्ही ऐकलं असेल. पूर्वरंगात बुवा तत्त्व समजावतात आणि उत्तररंगात त्या तत्त्वावरचं आख्यान लावतात. आम्ही हे उलटं केलं. आधी आख्यान, मग तत्त्व. माणसाची गोष्ट मनात बसली की कलम तिच्या पाठोपाठ आपोआप येतं.

आख्यान लावायला पाच प्रश्न पुरतात. ते वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

१. भांडण कुणाचं आणि कशावरून?
२. आधीच्या पायऱ्यांवर काय झालं? कोण हरलं, कोण जिंकलं?
३. कोर्टापुढचा खरा प्रश्न काय होता? एका वाक्यात.
४. कोर्टानं काय ठरवलं आणि का?
५. यातून आपल्याला काय मिळतं, आणि काय मिळत नाही?

तिसरा प्रश्न झाला की थांबायचं. दोन वाट्या मांडायच्या आणि प्रत्येकीच्या हातात एक चिंचोका द्यायचा. ‘तुम्ही जज्ज असता तर काय केलं असतं?’ जिला बाईचं पटतं तिनं डाव्या वाटीत टाकायचा, जिला समोरच्याचं पटतं तिनं उजव्या वाटीत. मग दोन्ही बाजूंच्या एकेकीनं आपलं कारण सांगायचं. इथं बैठक अशी रंगते की काही विचारू नका. चिंचोका टाकलेल्या बाईला निकाल काय लागला, हे ऐकल्याशिवाय राहवत नाही. मग तिची म्हैस सुटत नाही.

आता तीन निकाल करून बघू.

पहिली गोष्ट : सरपंच बाईंची खुर्ची

भांडण आपल्याच महाराष्ट्रातलं आहे, जळगाव जिल्ह्यातल्या विचखेडे गावचं. तिथं एक बाई सरपंच झाल्या. गावातल्या काही जणांनी त्यांच्याविरुद्ध तक्रार केली की बाई सासूबरोबर राहतात आणि ते घर सरकारी जमिनीवर आहे. आपल्या ग्रामपंचायत कायद्यात एक तरतूद आहे. सरकारी जमिनीवर अतिक्रमण केलेल्या माणसाला ग्रामपंचायतीचं सदस्य राहता येत नाही. बाईंचं म्हणणं असं, की आम्ही त्या घरात राहतच नाही. नवरा आणि मुलांबरोबर भाड्याच्या घरात वेगळ्या राहतो.

आता पायऱ्या मोजा. जिल्हाधिकाऱ्यांनी बाईंना अपात्र ठरवलं. विभागीय आयुक्तांनी तेच कायम केलं. बाई मुंबई हायकोर्टात गेल्या, तिथं २०२३ साली अर्ज फेटाळला गेला. तीन पायऱ्या, तीनदा हार. इथं आम्ही बायांना विचारतो, ‘तुम्ही असता तर चौथी पायरी चढला असता का?’ बहुतेक जणी खाली बघतात. वकिलाचा खर्च, दिल्लीचं अंतर, घरातल्यांची बोलणी, सगळं डोळ्यांपुढं येतं. या बाई चढल्या.

कोर्टापुढचा प्रश्न एका वाक्यात असा : नीट चौकशी न करता, घराच्या वादावरून, लोकांनी निवडून दिलेल्या बाईला खुर्चीवरून उतरवता येतं का?

चिंचोके टाका.

२७ सप्टेंबर २०२४ ला सुप्रीम कोर्टाच्या दोन न्यायमूर्तींनी निकाल दिला. अपात्रतेचा हुकूम रद्द. बाई मुदत संपेपर्यंत सरपंच राहतील. कारण ऐकण्यासारखं आहे. कोर्ट म्हणालं, की बाई सरपंच झाली, आता ती आपल्या वतीनं निर्णय घेणार आणि आपल्याला ते पाळावे लागणार, हेच गावातल्या लोकांच्या पचनी पडलं नाही. त्यांना बाईंच्या कामात खोट सापडली नाही, म्हणून त्यांनी घराचा मुद्दा उकरून काढला. अधिकाऱ्यांबद्दलही कोर्टानं स्पष्ट सांगितलं, की खरं-खोटं न तपासता हुकूम काढले गेले. निवडून आलेल्या माणसाला, त्यातही गावाकडच्या बाईला, काढून टाकणं ही हलक्यानं घ्यायची गोष्ट नाही.

आता निरूपण. बाई सरपंच होऊ शकली ती राज्यघटनेमुळे. त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ ला लागू झाली आणि पंचायतींत बायांना किमान एक तृतीयांश जागा मिळाल्या. घटनेतलं ते कलम २४३-ड. महाराष्ट्रानं २०११ मध्ये त्या निम्म्या केल्या. म्हणजे खुर्ची घटनेनं दिली आणि ती हलवायला गेल्यावर कोर्टानं घटनेचंच बोट धरलं.

पाचवा प्रश्न मात्र विसरू नका. या निकालातून काय मिळत नाही? अतिक्रमणाची तरतूद काही रद्द झालेली नाही. सरकारी जागेवर खरंच अतिक्रमण असेल, तर आजही पद जातं. ‘सुप्रीम कोर्टानं सांगितलंय, सरपंच बाईला कुणी काढू शकत नाही’ असं कुणी बैठकीत सांगितलं, तर ती गोष्ट ऐकायला गोड लागेल, पण खोटी असेल. तिच्यावर भरवसा ठेवणारी बाई बुडेल.

म्हणून आमचा एकच नियम आहे : गोष्ट रंगवा, निकाल रंगवू नका. गावकऱ्यांचे आवाज काढा, जिल्हाधिकाऱ्यांची ऐट करा, सासूचं घर शेणानं सारवा, हवं ते करा. पण कोणतं कोर्ट, कधी, काय ठरलं आणि कुणाला लागू, या चार गोष्टी जशाच्या तशा सांगा. त्यात मीठ-मसाला चालत नाही.

दुसरी गोष्ट : एका शब्दाचं भांडण

ही गोष्ट लहान आहे, पण गंमतीची. गीता हरिहरन या इंग्रजीत लिहिणाऱ्या लेखिका. त्यांना आपल्या लहान मुलाच्या नावानं रिझर्व्ह बँकेचे रोखे घ्यायचे होते. नवराबायकोनं मिळून ठरवलं, की पालक म्हणून सही आईची. बँकेनं अर्ज परत पाठवला. एक तर वडिलांची सही आणा, नाहीतर आईला पालक नेमल्याचा कागद आणा!

इथं आम्ही थांबतो आणि विचारतो, ‘मुलाच्या शाळेत, बँकेत, दवाखान्यात तुम्हाला असं कुणी म्हटलंय का?’ प्रत्येकीकडे एक तरी किस्सा असतो. दहा मिनिटं त्यांनाच बोलू द्यायचं.

बँक असं का म्हणाली? १९५६ च्या कायद्यात लिहिलंय, की अज्ञान मुलाचा नैसर्गिक पालक बाप, आणि ‘त्याच्या नंतर’ आई. सगळं भांडण या ‘नंतर’वर. नंतर म्हणजे कधी? बाप मेल्यावर? तोवर आईनं नुसतं ढुंगण धुवायचं, डबा करायचा, रात्री तापात उशाशी बसायचं आणि सही मात्र बापाची?

चिंचोके टाका. हा प्रश्न विचारल्यावर आमच्या एका गटात उजव्या वाटीत एकही चिंचोका पडला नाही.

१७ फेब्रुवारी १९९९ ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं, की ‘नंतर’ याचा अर्थ बापाच्या मरणानंतर असा घ्यायचा नाही. बाप मुलाकडे लक्ष देत नसेल, दूर असेल, आजारपणानं किंवा आणखी कशानं त्याला जमत नसेल, किंवा दोघांनी आपसांत ठरवून ती जबाबदारी आईकडे दिली असेल, तर आई बापाच्या हयातीतही नैसर्गिक पालक म्हणून काम करू शकते.

आता निरूपण. कोर्टानं कायदा फाडून टाकला नाही. शब्द तोच ठेवला, त्याचा अर्थ घटनेशी जुळवून घेतला. घटनेचं कलम १४ म्हणतं, कायद्यापुढे सगळे समान. कलम १५ म्हणतं, स्त्री आहे एवढ्याच कारणावरून भेदभाव नाही. मेल्यावरच आईचा नंबर असा अर्थ घेतला, तर ही कलमं मोडतात. म्हणून न मोडणारा अर्थ घ्यायचा. बायांनो, लग्नाच्या याद्या करताना आपण नाही का म्हणत, ‘ती तसं बोलली, पण तिच्या मनात तसं नव्हतं’? कायद्याचे शब्द असे सांभाळून, नीट अर्थानं वाचणं, हे कोर्टाचं मोठं काम आहे.

यातून काय मिळत नाही? बाप हा पालकच नाही, असं कोर्टानं म्हटलेलं नाही. नवऱ्याशी पटत नाही म्हणून मुलाच्या नावची जमीन परस्पर विकता येईल, असंही नाही. त्याला कोर्टाची परवानगी लागतेच.

तिसरी गोष्ट : नऊ भाकऱ्यांचा हिशोब

आता ज्या निकालावर सगळ्यात जास्त आवाज चढतात आणि सगळ्यात जास्त डोळे भरतात, तो निकाल. लेकीचा वाटा.

ही गोष्ट सांगताना आम्ही खऱ्याच नऊ भाकऱ्या घेऊन जातो. समजा, वडिलोपार्जित नऊ एकर. बाप, दोन मुलगे, एक मुलगी. आई आधीच गेलेली. बापही आता गेला, आणि त्यानं मृत्युपत्र केलेलं नाही.

जुना हिशोब असा. वडिलोपार्जित जमिनीत जन्मानं वाटेकरी फक्त पुरुष. म्हणून आधी तीन वाटे : बापाला तीन भाकऱ्या, दोन मुलग्यांना तीन-तीन. मग बापाच्या तीन भाकऱ्या तिन्ही लेकरांत, एकेक. मोजा. भावांकडे चार-चार. बहिणीच्या हातात एक.

नवा हिशोब असा. लेकही जन्मानं वाटेकरी. मग चौघांचे समान वाटे, आणि बापाचा वाटा पुन्हा तिघांत सारखा. शेवटी तिघांना तीन-तीन भाकऱ्या. हे बायांच्या डोळ्यांसमोर होतं. एक भाकरी हातात धरलेली बाई तिसरी भाकरी हातात आल्यावर कशी बघते, ते शब्दांत सांगता येणार नाही.

हा हिशोब बदलला कसा? आपलं महाराष्ट्र सरकार यात पुढं होतं. २२ जून १९९४ पासून महाराष्ट्रानं लेकींना जन्मानं वाटेकरी केलं, पण त्या तारखेच्या आधी लग्न झालेल्यांना नाही. मग ९ सप्टेंबर २००५ ला देशाचा हिंदू वारसा कायदा बदलला आणि लग्न झालेली असो वा नसो, लेक मुलाच्या बरोबरीची झाली.

तरी भांडण संपलं नाही. २०१५ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या एका निकालात आलं, की ९ सप्टेंबर २००५ ला बाप जिवंत असेल, तरच लेकीला हा हक्क. २०१८ च्या दुसऱ्या निकालात मात्र बाप २००१ साली वारलेला असूनही दोन बहिणींना वाटा मिळाला. एकाच कोर्टाचे दोन आवाज! वकीलही गोंधळले. त्यात दिल्लीच्या एका लेकीचं प्रकरण वर आलं. तिचे वडील १९९९ सालीच गेलेले. मग तीन न्यायमूर्ती एकत्र बसले.

प्रश्न एका वाक्यात : लेकीचा हक्क बापाच्या जिवावर अवलंबून आहे, की तिच्या जन्मावर?

चिंचोके टाका. यावर दोन्ही वाट्यांत चिंचोके पडतात, हे आम्ही मोकळेपणानं सांगतो. ‘भावानं आईबापाला सांभाळलं, मग?’ असं विचारणाऱ्या बाया असतातच. त्यांचं म्हणणंही ऐकून घ्यायचं.

११ ऑगस्ट २०२० ला निकाल लागला. त्या प्रकरणाला विनिता शर्मा निकाल म्हणतात. कोर्ट म्हणालं, हक्क जन्मानं आहे. बाप २००५ ला जिवंत असण्याची अट नाही. जुन्या एका निकालातलं वचनही कोर्टानं आठवलं, की मुलगा बायको येईपर्यंत मुलगा असतो, मुलगी मात्र जन्मभर मुलगीच राहते.

आता पाचवा प्रश्न, आणि इथं वही उघडा. २० डिसेंबर २००४ च्या आधी रजिस्टर केलेल्या कागदानं किंवा कोर्टाच्या हुकमानं वाटणी झाली असेल, तर ती मोडत नाही. ‘तोंडी वाटणी झाली होती’ असं नुसतं म्हटलेलं सहसा चालत नाही, त्याला सरकारी कागदांचा भक्कम पुरावा लागतो. बापानं स्वतःच्या कमाईतून घेतलेली जमीन तो मृत्युपत्रानं हवी त्याला देऊ शकतो. हा कायदा हिंदू, बौद्ध, जैन आणि शीख कुटुंबांना लागू आहे. मुस्लिम मैत्रिणींचा वारसा त्यांच्या वेगळ्या कायद्यानं चालतो. आदिवासी मैत्रिणींना हा कायदा थेट लागत नाही, तिथं रूढी बघितली जाते. पण १७ जुलै २०२५ ला छत्तीसगडच्या एका गोंड कुटुंबाच्या खटल्यात सुप्रीम कोर्टानं सांगितलं, की बायांना वाटा न देण्याची रूढी सिद्ध झाली नसेल, तर निव्वळ बाई म्हणून तिला वगळता येणार नाही.

हे सगळं सांगून झालं की बैठकीत शांतता पसरते. मग कुणीतरी हळूच म्हणतं, ‘हक्क मागितला तर माहेर तुटतं.’ हे खोटं नाही. भाऊबीजेला साडी येते आणि साडीबरोबर हक्कसोडपत्रही येतं. कायद्यानं वाटा मिळतो, पण भावाच्या दाराशी गेल्यावर ‘ये गं ताई’ म्हणणारा आवाज कायदा देऊ शकत नाही.

म्हणून आम्ही कुणाला ‘मागाच’ म्हणत नाही, ‘सोडा’ही म्हणत नाही. एवढंच म्हणतो, की आपल्या हातात किती भाकऱ्या आहेत ते मोजल्याशिवाय सही करू नका. आपल्या खुशीनं, समजून केलेलं आणि रजिस्टर झालेलं हक्कसोडपत्र नंतर मोडणं फार अवघड असतं. आमच्या एका गटातल्या ताईंनी भावाला सांगितलं, ‘कागद चार दिवस माझ्याजवळ राहू दे.’ तालुक्याला जाऊन वाचून घेतला. मग विहिरीजवळचा एक तुकडा आपल्या नावे ठेवून बाकीचा वाटा भावाला सोडला. दुसऱ्या एकीनं सगळा वाटा सोडला, पण कागद वाचून, आईला शेवटपर्यंत सांभाळायचं भावाकडून लिहून घेऊन. तिसरीनं सही केली नाही. तिचा भाऊ अजून बोलत नाही. तिघींनी तीन वाटा धरल्या, पण कागदात काय आहे हे तिघींना माहीत होतं.

हसत सांगायची नाही अशी गोष्ट

प्रत्येक निकालावर चिंचोके टाकायचे नसतात. ज्यात कुणाच्या देहावर अत्याचार झालाय, तो निकाल सांगताना आवाज काढायचे नाहीत, नक्कल करायची नाही, आणि बाईच्या वागण्यावर मत तर घ्यायचंच नाही.

राजस्थानातल्या भटेरी गावच्या भंवरीदेवींची गोष्ट आम्ही अशीच शांतपणे सांगतो. त्या सरकारच्या महिला विकास कार्यक्रमात ‘साथिन’ म्हणून काम करायच्या, आपल्यासारख्याच दारोदार जाऊन समजावणाऱ्या. बालविवाह थांबवायला गेल्या म्हणून १९९२ मध्ये त्यांच्यावर सामूहिक अत्याचार झाला. १९९५ मध्ये खालच्या कोर्टानं आरोपींना बलात्काराच्या आरोपातून सोडलं. पण महिला संघटना सुप्रीम कोर्टात गेल्या. कामावरच्या बाईच्या सुरक्षेची जबाबदारी कुणाची, हा त्यांचा प्रश्न होता. १३ ऑगस्ट १९९७ ला विशाखा निकाल आला. कामाच्या ठिकाणी लैंगिक छळ झाला तर काय करायचं, त्याचे नियम कोर्टानं घालून दिले. त्यातूनच २०१३ चा कायदा झाला. शेतमजुरी करणारी, दुसऱ्याच्या घरी धुणीभांडी करणारी बाईसुद्धा आज जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तीन महिन्यांच्या आत लेखी तक्रार करू शकते, ती या कायद्यामुळे.

देशभरच्या बायांना आधार मिळाला, पण जिच्यामुळे मिळाला तिला स्वतःला खालच्या कोर्टात न्याय मिळाला नाही. हेही सांगायचं. सगळ्या गोष्टींचा शेवट गोड असतो असं दाखवलं, तर हरलेल्या बाईला वाटतं, आपल्यातच काही खोट होती.

तुमच्या गटात सुरू करायचं असेल तर

एका बैठकीत एकच निकाल घ्या, अर्ध्या तासात संपवा. पेपरात निकालाची बातमी दिसली की कापून ठेवा, पण तेवढ्यावर सांगू नका. बातमीचा मथळा निकालापेक्षा मोठा असतो. सुप्रीम कोर्टाच्या संकेतस्थळावर काही निकालांचं मराठी भाषांतर मिळतं. ते समजून घ्यायला तालुक्याच्या कोर्टातल्या विधी सेवा समितीची मदत घ्या. बायांना तिथं मोफत वकील मिळतो, आणि त्यासाठी बाईच्या उत्पन्नाची अट नाही. १९८७ च्या कायद्यानंच तसं म्हटलंय. फोन करायचा असेल तर १५१०० हा मदत क्रमांक आहे.

आणि एक शंका नेहमी येते : ‘दिल्लीतल्या बाईचं भांडण, ते आपल्याला कसं लागू?’ घटनेचं कलम १४१ सांगतं, सुप्रीम कोर्टानं कायद्याचा जो अर्थ लावला, तो देशातल्या सगळ्या कोर्टांना मानावा लागतो. जात्यावर एकीनं गायलेली ओवी जशी साऱ्या गावची होते, तसं एकीनं लढून मिळवलेला निकाल साऱ्याजणींचा होतो. मात्र तुमची हकीकत तिच्या हकीकतीशी जुळते का, हे वकिलाकडूनच तपासून घ्यायचं. आपण गोष्ट सांगणाऱ्या आहोत, वकील नाही.

येत्या बैठकीला हप्ते जमा झाले की वही मिटू नका. पाच प्रश्न, दोन वाट्या आणि मूठभर चिंचोके घेऊन बसा. सुरुवात भाकऱ्यांपासून करा. हिशोब झाल्यावर त्या सगळ्यांनी मिळून खायच्या, सारखे वाटे करून.

पुढच्या भागात पोटगीच्या निकालांची गोष्ट घेऊन येऊ. तोवर, कागद वाचल्याशिवाय सही नाही! नमस्कार.